आधी गोळी की आधी कल्चर?

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळी टेकायला जागा मिळत नाही. डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड, फ्लू आणि भिजल्यामुळे आलेला साधा सर्दीताप, सगळे एकाच बाकावर बसलेले असतात. या गर्दीत क्वचित एखादा असा रुग्ण येतो, ज्याचा ताप यांपैकी कशाचाच नसतो. ताप फार चढत नाही, पण तीन-तीन आठवडे हटतही नाही. संध्याकाळी कणकण, रात्री दरदरून घाम, जेवणावरची वासना गेलेली, कपडे सैल झालेले. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि शाळेतल्या तपासणीत कुणीतरी ‘व्हॉल्व्हला जरा त्रास आहे’ म्हटले होते, हे त्याला स्वतःहून सांगावेसे वाटत नाही आणि गर्दीत डॉक्टरांकडून विचारायचे राहून जाते. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकने ताप उतरतो, आठवड्याने परत येतो. मग दुसरी गोळी, दुसरा डॉक्टर, टायफॉइडसाठी विडाल टेस्ट, क्षयाची शंका. महिना-दीड महिन्याने एके दिवशी जिना चढताना धाप लागते किंवा अर्धांगाचा झटका येतो, आणि मग कळते की जंतू हृदयाच्या झडपेवर ठाण मांडून बसले होते.

या आजाराचे नाव इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस. त्याच्या उपचारांबद्दल वैद्यकात बरेच वाद आहेत. पण सगळ्यांत कळीचा प्रश्न मोठ्या रुग्णालयात पोचण्याआधीच, गल्लीतल्या दवाखान्यात निकालात निघालेला असतो. तापाच्या रुग्णाला आधी अँटिबायोटिक द्यायचे, की आधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायची? दोन्ही बाजूंना वजन आहे. म्हणूनच ‘डॉक्टर उगाच गोळ्या देतात’ असे म्हणून हा विषय संपवता येत नाही.

आधी आजार समजून घेऊ. दात घासताना, कडक काही चावताना, मूळव्याध दुखावताना जंतू थोड्या प्रमाणात रक्तात शिरतच असतात आणि शरीर त्यांना काही मिनिटांत निपटून काढते. हृदयाच्या चार झडपांवरचे अस्तर गुळगुळीत असते, तिथे त्यांना थारा मिळत नाही. नदीच्या धारेतल्या गुळगुळीत दगडावर शेवाळ धरत नाही; त्याला कपार पडली की धरते. रुमॅटिक तापाने जाड झालेली झडप, जन्मतः दोषी झडप, शस्त्रक्रियेने बसवलेली कृत्रिम झडप, पेसमेकरची तार या अशा कपारी. तिथे प्लेटलेट्स आणि फायब्रिनचा पातळ थर जमतो, त्यात जंतू अडकतात, त्यावर आणखी थर चढतो आणि झडपेच्या कडेला लोंबणारा पुंजका तयार होतो. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी या पुंजक्याच्या आत सहज पोचत नाहीत. आतले जंतू सुस्त, दाटीवाटीने पडून असतात आणि नेहमीच्या मात्रेतले औषध त्यांना पुरत नाही. पुंजक्याचे तुकडे सुटले की मेंदू, प्लीहा, मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्या तुंबतात. झडप कुरतडली गेली की रक्त उलटे वाहू लागते आणि हृदय थकते.

जंतू कोणता, यावर आजाराची चाल ठरते. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू सावकाश, आठवडेच्या आठवडे घेत झडप पोखरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्वचेतून, सलाइनच्या किंवा डायलिसिसच्या नळीतून शिरणारा जंतू काही दिवसांत धडधाकट झडपही फाडू शकतो. एन्टरोकॉकस बहुधा आतड्यातून किंवा मूत्रमार्गातून येतो आणि त्याला एका औषधाने वठणीवर आणणे अवघड असते.

रुग्ण कोण, हेही पाहायला हवे. दिल्लीच्या एम्समध्ये 1981 ते 1991 या काळात उपचार घेतलेल्या रुग्णांचे सरासरी वय पंचविशीच्या आसपास होते आणि त्यांच्यात रुमॅटिक झडपेचे आजार सर्वाधिक होते. उलट 2016 ते 2018 दरम्यान 40 देशांतल्या 3,116 रुग्णांची जी मोठी युरोपीय नोंद झाली, तिच्यात सरासरी वय साठीच्या घरात होते. आज पुण्यात दोन्ही चित्रे एकाच वेळी दिसू शकतात. एकीकडे वस्तीतून किंवा शेजारच्या तालुक्यांतून आलेला, लहानपणीच्या घशाच्या संसर्गाची किंमत मोजणारा तरुण. दुसरीकडे कोथरूड-बाणेरमधले मधुमेही, डायलिसिसवरचे, पेसमेकर बसवलेले आजोबा. त्या युरोपीय नोंदीत, उत्तम सोयी असूनही, रुग्णालयातच दगावणाऱ्यांचे प्रमाण 17 टक्के होते.

आता पहिली बाजू. ताबडतोब गोळी देणारा डॉक्टर बेफिकीर असतो असे मानणे अन्यायाचे आहे. एंडोकार्डायटिस दुर्मीळ आहे. जगभरच्या नोंदींत त्याचे प्रमाण वर्षाला लाखात साधारण तीन ते दहा असे येते. 2011च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत 31 लाखांहून अधिक माणसे होती. तोच आकडा धरला तरी साऱ्या शहरात वर्षाला शंभर ते तीनशे रुग्ण होतात. तापाच्या रुग्णांची संख्या त्याच्या हजारो पट. अशा वेळी प्रत्येक तापात रक्ताचे कल्चर करायला सांगणे म्हणजे पैशाची, रक्ताची आणि प्रयोगशाळांच्या वेळेची उधळपट्टी. टायफॉइड या शहरात खरोखर होतो, तोही आतड्याला छिद्र पाडण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि त्यावर वेळेत दिलेले औषध जीव वाचवते. रोजंदारीवरच्या माणसाला तीन दिवस रिपोर्टची वाट पाहा म्हणणे सोपे नाही. ‘उद्या कामावर जायचंय, काहीतरी द्या’ असे म्हणणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवले तर तो पुढच्या चौकातल्या दवाखान्यात जातो, नाहीतर थेट मेडिकलच्या काउंटरवर. त्यातही हा आजार नेमका जलद चालीचा निघाला, तर उशीर जिवावर बेततो.

दुसरी बाजू अशी की गोळी देऊन आपण आजारावर नव्हे, पुराव्यावर घाव घालतो. टायफॉइडच्या संशयाने तोंडावाटे दिली जाणारी सेफिक्झिमसारखी औषधे झडपेवरच्या पुंजक्यातले जंतू मारू शकत नाहीत, पण रक्तात फिरणारे जंतू तेवढ्यापुरते नाहीसे करतात. ताप उतरतो, रुग्ण खूश होतो आणि पुढच्या आठवड्यात केलेल्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात गंभीर जंतुसंसर्गाच्या 325 रुग्णांचे रक्त औषधाआधी आणि औषध सुरू झाल्यावर दोन तासांच्या आत असे दोनदा तपासले. आधी घेतलेल्या रक्तात 31 टक्के रुग्णांमध्ये जंतू सापडले, नंतरच्या रक्तात 19 टक्क्यांमध्ये. दोन तासांत एवढा फरक पडत असेल, तर पाच दिवसांच्या कोर्सने काय होत असेल याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. एम्सच्या त्या जुन्या मालिकेत निम्म्याहून कमी रुग्णांच्या रक्तात जंतू सापडले होते. पाश्चात्य देशांत जंतू न सापडणारे रुग्ण साधारण दहा ते वीस टक्के असतात. या तफावतीची कारणे एकाहून अधिक आहेत, पण आधीच घेतलेले अँटिबायोटिक हे त्यांतले मोठे कारण आहे.

जंतू सापडला नाही म्हणून एवढे काय बिघडते, असे कुणी विचारील. बिघडते ते असे, की पुढचा प्रत्येक निर्णय अंधारात घ्यावा लागतो. जंतूचे नाव आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे कळले तर कधी एकटे पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन पुरते. कळले नाही तर सगळ्या शक्यता झाकण्यासाठी दोन-तीन जबर औषधे एकदम द्यावी लागतात. त्यांत जेंटामायसिन असते, त्याने मूत्रपिंड आणि कान दुखावतात. व्हँकोमायसिन असते, त्याची रक्तातली पातळी मोजत बसावे लागते. औषध कमी कधी करायचे, रुग्णाला घरी कधी सोडायचे, शस्त्रक्रियेची घाई करायची का, हे सगळे जंतूच्या नावावर अवलंबून असते. फॅमिली डॉक्टरांनी वाचवलेले कल्चरचे पैसे रुग्णालयात अनेक पटींनी भरावे लागतात, आणि भरणारा तोच रुग्ण असतो.

निदान तरी इकोवर होईल, ही आशाही पुरती खरी नाही. छातीवर प्रोब ठेवून केलेली 2डी इको पुण्यात आता जागोजागी होते आणि पुष्कळदा कल्चरच्या आधी तीच होते. पडद्यावर झडपेच्या टोकाला फडफडणारा पुंजका दिसला तर प्रश्न मिटतो. पण छोटा पुंजका, कृत्रिम झडप, स्थूल छाती असली की ही इको फसू शकते. तेव्हा अन्ननलिकेतून नळी घालून करायची इको लागते. ती हृदयाच्या अगदी पाठीशी जाऊन पाहते आणि बरेच अधिक पकडते. तीही कोरी आली आणि संशय दाट असला तर पाच ते सात दिवसांनी पुन्हा करायची असते. ‘इको नॉर्मल’ या दोन शब्दांवर सुटकेचा निःश्वास टाकणे म्हणूनच धोक्याचे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील डॉक्टरांनी 1994 साली या निदानाचे निकष बसवले आणि 2023 मध्ये सीटी व पेट स्कॅन यांना जागा देऊन ते सुधारले गेले. तीस वर्षांत त्यांत कितीही भर पडली, तरी रक्ताचे कल्चर आणि हृदयाचे चित्र हे दोन खांब हललेले नाहीत.

या वादाला इतिहासाचीही बाजू आहे आणि तिचा एक धागा पिंपरीत येतो. विल्यम ऑस्लर यांनी 1885 साली लंडनमधल्या व्याख्यानांत या आजाराचे सविस्तर वर्णन केले आणि त्याचे निदान किती अवघड आहे हेही सांगितले. 1911 साली संगीतकार गुस्ताव माहलर न्यूयॉर्कमध्ये तापाने आजारी पडले, तेव्हा डॉ. इमॅन्युएल लिबमन यांच्या सहकाऱ्याने त्यांचे रक्त घेतले आणि कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस उगवला. निदान अचूक होते, उपाय मात्र एकही नव्हता. काही आठवड्यांतच, मे महिन्यात, व्हिएन्नामध्ये माहलर गेले. पेनिसिलिन आल्यावरही सुरुवातीला ते अपुऱ्या मात्रेत दिले गेले आणि हे रुग्ण वाचले नाहीत. ब्रुकलिनच्या डॉ. लिओ लोव यांनी 1940च्या दशकाच्या मध्यावर मोठी मात्रा सलग देऊन दाखवली, तेव्हा कुठे हा आजार बरा होऊ शकतो हे सिद्ध झाले.

दहा-अकरा वर्षांत तेच औषध पुण्याच्या वेशीवर बनू लागले. 1954 मध्ये सरकारने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी केली, तिला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचे साहाय्य मिळाले आणि 1955 मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरीकर तिला आजही ‘एचए’ म्हणतात. पुढे कंपनी तोट्यात गेली, पण अँटिबायोटिक गल्लोगल्ली पोचायचे ते पोचलेच. माहलर यांच्या डॉक्टरांपाशी जंतूचे नाव होते, औषध नव्हते. आपल्याकडे औषध प्रत्येक चौकात आहे आणि जंतूचे नाव हरवते आहे. तोंडावाटे, अर्ध्या मात्रेत, पाच दिवस दिलेले अँटिबायोटिक हे लोव यांच्या आधीच्या काळात परत जाणे आहे.

मग दोन्ही बाजू तोलल्या तर काय दिसते? आमच्या मते हा वाद वरवर दिसतो तितका टोकाचा नाही. सावकाश चालीच्या आजारात रुग्ण तीन आठवडे तापलेला असतो. त्याने आणखी एक-दोन दिवस औषधाविना काढले तर सहसा काही बिघडत नाही. तिथे कल्चरसाठी थांबणे सुरक्षित आहे. जलद चालीच्या आजारात थांबायला वेळ नसतो, पण रक्त काढायला तासभरसुद्धा लागत नाही. गंभीर रुग्णाला तासाभरात अँटिबायोटिक सुरू झाले पाहिजे हा आजचा दंडक आहे आणि त्या तासात तीन ठिकाणांहून रक्त घेऊन होते. म्हणजे रुग्ण धिम्या आजाराचा असो वा झपाट्याच्या, गोळीआधी रक्त हा क्रम वैद्यकीयदृष्ट्या जवळजवळ नेहमीच पाळता येतो. अडते ते सोयीपाशी.

ही अडचण जवळून पाहण्यासारखी आहे. कल्चर म्हणजे नेहमीच्या तपासणीसारखी एक टोच नव्हे. कोपराच्या खळगीतली त्वचा जंतुनाशकाने पुसायची, ते पूर्ण वाळू द्यायचे, वाळल्यावर शीर शोधण्यासाठी पुन्हा बोट लावायचे नाही. बाटलीचे रबरी बूच स्पिरिटने पुसायचे. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त घालायचे. दोन बाटल्यांचा एक संच, असे तीन संच, प्रत्येक वेगळ्या जागेवरून. एकूण 50-60 मिलिलिटर रक्त निघते आणि रुग्ण ‘किती काढताय?’ म्हणून हात मागे घेतो. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, लवकरात लवकर यंत्रात ठेवायच्या. यंत्र पाच दिवस त्यांवर लक्ष ठेवते. जंतू असले तर बहुधा पहिल्या दोन दिवसांतच इशारा मिळतो. आता रात्री आठ वाजता दवाखान्यात बसलेल्या एकट्या डॉक्टरकडे या बाटल्या नसतात. कलेक्शन सेंटरवर पाठवावे तर पुष्कळदा एकच टोच, एकच बाटली, तीही अर्धवट भरलेली, असा कारभार होतो.

अर्धवट कल्चर हे न केल्यापेक्षा बरे असतेच असे नाही, आणि ‘कल्चर आधी’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट मान्य करायला हवी. त्वचा नीट पुसली नाही तर त्वचेवरचेच जंतू बाटलीत उगवतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. मग धडधाकट झडपेच्या माणसाला महागडी इंजेक्शने सुरू होतात. तीन वेगवेगळे संच घेण्यामागचे एक कारण हेच आहे: एकातच उगवले तर बहुधा भेसळ, तिन्हींत तेच उगवले तर खरा चोर. सरसकट सगळ्या तापांत कल्चर करायला लावले तर अशा भेसळीच्या रिपोर्टांचाच पूर येईल. म्हणून हा आग्रह सगळ्यांसाठी नको, निवडकांसाठी हवा.

असाच तोल दातांच्या बाबतीत सांभाळावा लागतो. दाढ काढण्याआधी झडपेच्या रुग्णांना अँटिबायोटिक द्यावे, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1955 पासून सांगितले. 2007 मध्ये त्याच संस्थेने यादी आखडती घेतली आणि कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस, काही गंभीर जन्मजात दोष अशा सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांपुरता हा सल्ला ठेवला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2008 मध्ये आणखी पुढे जाऊन तो जवळजवळ बंदच केला. त्यांचे म्हणणे बिनतोड वाटत होते: रोजच्या दात घासण्यानेही जंतू रक्तात शिरतात, मग वर्षातून एकदा घेतलेल्या डोसने काय साधणार? पण 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2008 नंतर इंग्लंडमध्ये एंडोकार्डायटिसचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त वाढल्याचे दिसले. हा बदल त्या सल्ल्यामुळेच झाला हे सिद्ध झाले नाही, पण नाइसने पुढच्याच वर्षी आपली भाषा थोडी सैल केली आणि 2023 मध्ये युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी हा डोस ठामपणे सुचवला.

आपल्याकडचा पेच वेगळा आहे. रुमॅटिक झडपेचा रुग्ण अमेरिकेच्या 2007च्या यादीत नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र अशा रुग्णांना आपल्या यादीत धरले आहे. अमेरिकी यादी ज्या समाजासाठी केली, तिथे हा आजार मागे पडला आहे. आपल्याकडे तो अजून गेलेला नाही. तेव्हा त्या यादीची री ओढण्यापेक्षा अशा रुग्णाच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारून ठरवणे शहाणपणाचे. डोस असतो तो एकदाच, मोठ्या माणसाला अमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. पाच दिवसांचा कोर्स नव्हे. रुमॅटिक ताप परत येऊ नये म्हणून जे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतात, त्यांना दुसऱ्या जातीचे औषध द्यावे लागते, कारण त्यांच्या तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात. आणि यात ज्यावर वाद नाही ती गोष्ट सगळ्यांत स्वस्त आहे: दात आणि हिरड्या वर्षभर निरोगी ठेवणे.

उपचारांतही घाई आणि संयम यांचा असाच तोल आहे. नेहमीचा उपचार म्हणजे चार ते सहा आठवडे शिरेतून औषध. एवढे दिवस खाट अडवून पडून राहणे रिक्षाचालकाला, घरकामाच्या बाईला परवडत नाही, आणि रुग्णालयात जितके दिवस जास्त तितका नवा जंतू चिकटण्याचा धोकाही जास्त. डेन्मार्कमधल्या 400 रुग्णांच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, किमान दहा दिवस शिरेतून औषध देऊन स्थिर झालेल्यांना पुढे तोंडावाटे औषधे दिली, तेव्हा निकाल शिरेतल्या औषधापेक्षा वाईट आला नाही. आपल्यासाठी ही आशेची बातमी आहे, पण तिच्या अटी विसरून चालणार नाही. तिथे तपासलेल्या 1,954 रुग्णांतून हे 400 निवडले होते, जंतू ठाऊक होता, देखरेख काटेकोर होती. जंतूचे नाव नसताना ‘डेन्मार्कमध्ये गोळ्यांवर भागते’ म्हणत रुग्णाला घरी पाठवणे म्हणजे त्या चाचणीचा विपर्यास.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत उलटी चूक होते. तिथे आपण फार थांबतो. संसर्ग ताब्यात येऊ दे, मग झडप बदलू, हा विचार सुज्ञ वाटतो. पण झडप फाटून हृदय थकू लागले, झडपेच्या मुळाशी गळू झाले किंवा औषध चालू असूनही ताप व जंतू हटत नाहीत, तर थांबण्यात शहाणपण नाही. दक्षिण कोरियातल्या 76 रुग्णांच्या 2012च्या चाचणीत मोठा पुंजका असलेल्यांची 48 तासांत शस्त्रक्रिया केली, तेव्हा तुकडे सुटून होणारे अपघात जवळपास थांबले. मृत्यूंत मात्र ठळक फरक दिसला नाही आणि चाचणी छोटी होती. जंतूंनी भरलेल्या जागी नवी झडप शिवणे ही जोखीम आहेच. म्हणून हा निर्णय एकट्या फिजिशियनचा किंवा एकट्या सर्जनचा नसावा. हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञ यांनी पहिल्या आठवड्यातच एकत्र बसले पाहिजे.

पुण्याकडे यासाठी लागणारे बरेच काही आहे. 1867 पासूनचे ससून आणि त्याला जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, रास्ता पेठेतले केईएम, लष्कराचे हृदय-छाती शल्यकेंद्र, हृदयशस्त्रक्रिया करणारी अनेक खासगी आणि धर्मादाय रुग्णालये. महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय 2022 पासून वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडले गेले आहे. झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार मिळतो. शहरी गरीब योजना आहे, धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव आहेत. पण हा सगळा आधार रुग्ण दाखल झाल्यावरचा. दाखल होण्याआधी, गोळी पोटात जाण्याआधी जे रक्त घ्यायला हवे, त्याला कुठल्या योजनेत जागा नाही. झडप बदलण्याचा मोठा खर्च सरकार करते. तो टाळू शकणारा छोटा खर्च रुग्णाच्या खिशातून.

म्हणून आमचे मत असे. हृदयाचा कुठलाही पूर्वेतिहास नसलेल्या माणसाच्या दोन-चार दिवसांच्या तापाला कल्चरही नको आणि बहुधा अँटिबायोटिकही नको. ज्याच्या झडपेला रुमॅटिक किंवा जन्मजात दोष आहे, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर आहे, डायलिसिस चालू आहे किंवा हा आजार पूर्वी होऊन गेला आहे, त्याला उघड कारणाशिवाय ताप आला, की गोळीआधी कल्चर झालेच पाहिजे. ज्याचा ताप दोन आठवडे हटत नाही किंवा कोर्स संपताच परत येतो, त्याला तिसरी गोळी देऊ नये. रुग्ण बरा असेल तर औषध थांबवून रक्त पाठवावे. अत्यवस्थ रुग्णाला तासाभरात रक्त आणि औषध दोन्ही.

हे केवळ डॉक्टरांच्या सद्बुद्धीवर सोडून होणार नाही. महापालिकेने आपल्या दवाखान्यांत कल्चरच्या बाटल्या ठेवाव्यात, त्या नीट भरायला परिचारिकांना शिकवावे आणि रोज संध्याकाळी त्या गोळा करून एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत नेण्याची सोय करावी. निवडक रुग्णांसाठी ही तपासणी मोफत असावी; वर सांगितलेला शहराचा आकडा पाहता हे ओझे पेलण्यासारखे आहे. झडपेच्या प्रत्येक रुग्णाला रुग्णालयाने घरी सोडताना एक मराठी कार्ड द्यावे: ‘माझ्या हृदयाच्या झडपेला आजार आहे, ताप आल्यास अँटिबायोटिकआधी रक्ताचे कल्चर करावे, दातांच्या कामाआधी विचारावे.’ तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन्स 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहेत आणि चिठ्ठीची नोंद तीन वर्षे ठेवण्याचे बंधन औषध विक्रेत्यावर आहे. हा नियम तपासणीपुरता न राहता काउंटरवर पाळला गेला पाहिजे.

यात काही तोटा आहे. काही कल्चर वाया जातील, काहींत भेसळ निघेल, काही रुग्ण एखादा दिवस जास्त तापतील, आणि काही जण कंटाळून दुसरा डॉक्टर गाठतील. तरीही हा तोटा मोजता येणारा आणि भरून निघणारा आहे. झडप गेल्यावर किंवा मेंदूत तुकडा अडकल्यावर होणारा तोटा भरून निघत नाही. तोवर ज्यांच्या घरात झडपेचा रुग्ण आहे, त्यांनी नियमाची वाट पाहू नये. ताप घेऊन दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य झडपेबद्दलचे असावे आणि चिठ्ठी हातात पडण्याआधी ‘आधी कल्चर करायचं का?’ एवढे विचारावे. हा प्रश्न कुठल्याही चांगल्या डॉक्टरला उद्धट वाटणार नाही.